हार्कडेलच्या पुलावरचं धुकं

आम्हा चित्रकारांत एक रीत आहे. लंडनचं वार्षिक प्रदर्शन उघडण्याआधी, चित्रं भिंतीवर टांगलेली असतानाच, आम्ही शिड्या लावून शेवटचा हात फिरवतो. नाव वॉर्निशचं, पण खरा उद्योग शेजारच्या चित्रावर कुरघोडी करण्याचा. मी त्यात पटाईत होतो, आणि उगाच विनय दाखवायची मला सवय नाही.

माझं चित्र हार्कडेलच्या दरीचं होतं. दरी मी पूर्वीच रंगवून ठेवली होती: मेंढ्या, ओढा, सकाळचं ऊन. पण हल्ली नुसत्या दरीला कोण विचारतो? तिथे रेल्वेचा उंच दगडी पूल उभा राहिला, तसा मीही त्याच कॅनव्हासवर पूल चढवला आणि त्याच्या अलीकडच्या टोकाशी वाफेचं इंजिन, मागे डबे. इंजिनावर एक इवलासा ठिपका, तो माझा धाकटा भाऊ सायलस. पुलावरून पहिली गाडी तोच नेणार होता.

एका रविवारी तो स्टुडिओत आला. सफरचंद खात चित्रासमोर उभा राहिला.

"दादा, मधल्या कमानीला काय झालंय?"

"खालच्या थराने तेल शोषलंय. होतं तसं."

"तिच्यातून मेंढ्या दिसतायत."

"तू कोळसा टाक. रंगाचं मी बघतो."

"बघच बाबा. नाहीतर मला गाडी ओढ्यात घालावी लागेल," असं म्हणून तो हसला.

तो गेल्यावर मी कमान जाड रंगाने भरली. सकाळी पाहतो तर तिच्यातून ओढा दिसत होता. पुन्हा भरली. जुना थर कधीकधी वर येतो हे मला ठाऊक होतं. त्याला वर्षं लागतात हेही ठाऊक होतं. तरी मी डगमगलो नाही. रंग आजवर माझ्या शब्दाबाहेर गेला नव्हता.

वॉर्निशच्या शेवटच्या सकाळी मी शिडी चढलो. मधली कमान नव्हती. तिच्या जागी माझीच जुनी दरी होती, ऊन पडलेली. आणि इंजिन मी रंगवलं होतं तिथे नव्हतं. ते खिंडाराच्या तोंडाशी आलं होतं.

शेजारच्या शिडीवर म्हातारा चित्रकार पिम होता.

"पिम, तुला हा पूल कसा दिसतो?"

"तुटका. धाडस आहे बुवा तुझं. पुलाचं उद्घाटन उद्याच ना?"

उद्याच होतं. तोवर लंडनहून हार्कडेलला माणूस पोचणं शक्य नव्हतं.

मी घाबरलो. कमान भरली. रंग डोळ्यांदेखत आत गेला.

पुन्हा भरली. गेला.

मग सुचलं. पूल राखता येत नसेल तर गाडी काढून घ्यावी. गाडीच नसली तर पडणार काय?

पांढरा रंग सुरीने थापला. इंजिन झाकलं, डबे झाकले, तो ठिपका सगळ्यात शेवटी. वरून चिंधी फिरवून धुकं केलं.

हा रंग टिकला.

"हॉल्डन," पिम म्हणाला, "आजवरचं तुझं सगळ्यात चांगलं काम."

मलाही तसंच वाटलं. भावाला वाचवलं, या समाधानात मी घरी गेलो.

आठवड्याने सायलसची बायको केझाया थेट प्रदर्शनात आली. अंगावर दुखवट्याचे काळे कपडे नव्हते. कशाच्या आधारावर घालणार?

"पूल शाबूत आहे, भाऊजी. एक दगड हललेला नाही. ह्या टोकाने गाडी धुक्यात शिरली. त्या टोकाला बँडवाले वाट बघत होते. धुकं विरलं, पण गाडी आलीच नाही."

"आणि दरीत?"

"सगळी पालथी घातली. एक खिळासुद्धा नाही."

लोक माझ्या धुक्याची वाखाणणी करत होते. त्यांना बाजूला सारून ती पुढे झाली. रखवालदार अडवायच्या आत तिने त्या पांढऱ्यावर तळहात टेकवला.

"हे गरम आहे," ती म्हणाली.

तिने हात उचलला. तळहात ओला होता आणि काजळीने काळा झाला होता.

"भाऊजी, खरवडा हे. आत आहेत ते."

मी खिशातून सुरी काढली. हात चित्राजवळ नेला.

धुक्याच्या कडेपुढे कमान अजूनही नव्हती.