सहावा ठसा

खाली नवऱ्याचं वर्कशॉप आणि वर घर, त्यामुळे ठमीच्या आईचे कान दिवसभर दोन आवाजांवर असायचे: खालच्या ग्राइंडरची घरघर आणि पाळण्यातला श्वास. ग्राइंडर थांबला की ती हातातलं काम टाकून श्वास ऐकून घ्यायची. ठमी दहा महिन्यांची होती.

या खेपेला शर्यतीच्या गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा धातूचा ठोकळा, आलं होतं. एका रांगेत सहा सिलिंडर, हवा आत घेणाऱ्या सहा वाटा. त्या आतून घासून रुंद करायच्या, आणि सहाही तंतोतंत सारख्या हव्यात. धातूच्या करड्या भुकटीने माखलेलं बोट नवरा डोळे मिटून आत फिरवायचा. सहाव्या वाटेच्या वळणापर्यंत मात्र ते पोचेना.

"ठमाबाई, तुम्ही सांगा, गुळगुळीत झालंय का?" म्हणत त्याने आईच्या कडेवरच्या ठमीचा हातच त्या वाटेत घातला.

"अरे, काढ आधी! कुसळ जाईल हातात."

"तू ना, झोपतानाही हेल्मेट घालशील पोरीला."

हात लगेच बाहेर आला. ठमी हसतच होती.

मग त्याने वाटांमध्ये पातळ रबर ओतलं. ते घट्ट झाल्यावर ओढून काढलं की आतल्या पोकळीचा ठसा हातात येतो. पाच ठसे साबणाच्या वडीसारखे नितळ निघाले. सहाव्यावर चार बारीक खळगे.

"बुडबुडे असतील," म्हणून त्याने पुन्हा ओतलं.

आता पाच खळगे होते. तिने ठसा खिडकीशी धरला. प्रत्येक खळग्यात बारीक रेषा, बोटाच्या टोकाला असतात तशा. तिने ठमीचं बोट एकात टेकवलं. चपखल बसलं. ते काढून तिने निरखून पाहिलं. बोटाच्या टोकावर रेषा नव्हत्या.

"पुन्हा ओतू नकोस. माझी शपथ आहे तुला."

"बरं बाई, नाही ओतत."

दुपारी ठमीला निजवताना खालून रबराचा वास आला. ती धावत खाली गेली. तो तिसरा ठसा हातात धरून उभा होता.

"वाटलं, शेवटचं एकदा..."

ठशावर इवलासा पूर्ण तळहात उमटला होता, एकूण एक रेघेसकट.

ती जिना चढून वर आली. ठमी झोपली होती. श्वास नीट चालला होता.

तिने ती चिमुकली मूठ उघडली.

तळवा थंड होता. एकही रेघ नाही.

तिने त्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला करडी भुकटी लागली.