दोन पाण्यांची वही

शाळेतला सूक्ष्मदर्शक चोरीला गेल्याची वर्दी सकाळी अकराला आली. बारा वाजता पोलीस जमादार व्यंकट पंचशीलाच्या घरातली पत्र्याची पेटी रस्त्यावर उपडी करत होते.

दोन लुगडी, गोधडी, शाळेचा फ्रॉक. बाकी काही नाही. सारी गल्ली बघत होती. तेरा वर्षांची पंचशीला भिंतीला चिकटून उभी होती. तिची आई धुरपताबाई वाकून कपडे गोळा करू लागली.

"माझी लेक चोर न्हाई, साहेब," एवढंच ती म्हणाली.

लातूर जिल्हा होऊन नऊ महिने झाले होते. पाऊस त्या साली नावालाच झाला होता. डाळ मिलच्या मागच्या या वस्तीतल्या शाळेत मुलांचं उन्हाळी शिबिर चालू होतं आणि दुसऱ्या दिवशी नवे शिक्षणाधिकारी ते बघायला येणार होते. यंत्र शेवटी पंचशीलानं हाताळलं होतं, म्हणून शिबिरप्रमुख साहेबराव सरांनी तिचं नाव घेतलं. व्यंकटांनी पुढं काही विचारलंच नव्हतं.

ते शाळेत परतले. शिपाई केवळाबाईनं ऑफिसातल्या माठातलं गार पाणी दिलं. पिऊन झाल्यावर त्यांनी कपाट पाहिलं. कुलूप शाबूत. किल्ली समोर खिळ्याला.

"यंत्र शेवटचं कधी दिसलं?"

"नऊला कपाटात होतं," साहेबराव सर म्हणाले. "साडेदहाला उघडलं तर गायब."

कपाटात जादा भिंगांची डबी तशीच होती.

"ही का ठेवली चोरानं?"

"त्या पोरीला काय कळतंय भिंगातलं!"

"कळतंय की," केवळाबाई बोलून गेली. "तीच बदलत असती."

पंचशीला त्यांच्यामागं येऊन दारात थांबली होती. "साहेब, माझी वही बी गेली. कपाटातच होती."

"काय होतं वहीत?"

"चित्रं. काल शिबिर सुटताना काढली. अजून कुणाला दावली न्हाईत."

"अगं, तुझ्या त्या आळ्यांच्या चित्रांसाठी पोलिसांचा वेळ नको घालवू," सर म्हणाले.

व्यंकट फाटकापाशी गेले. केवळाबाईही आली.

"नऊ ते साडेदहा इथं कोण होतं?"

"टँकर आला होता. पन्नासेक बाया होत्या. मी बी रांगेतच होते."

"यंत्राची पेटी घेऊन कुणी बाहेर गेलं?"

"हातभर पेटी हाय, साहेब. लपती व्हय?"

रांगेतल्या बायांनीही तेच सांगितलं.

"आणि पोरं?"

"लिंबाखाली. गाण्याच्या बाईंनी सगळ्यांची हजेरी घेऊन बसवली होती."

"पंचशीला?"

"पुढंच बसली होती की."

व्यंकटांच्या कानशिलाला चटका बसल्यागत झालं. एवढा एक प्रश्न सकाळी विचारला असता तर!

ते शाळेच्या मागं गेले. नळ आटल्यापासून सिमेंटची टाकी कोरडी पडली होती. लोखंडी झाकणावर धुळीचा थर होता, पण कड ताजी पुसलेली. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठं ते सरकलं. आत लाकडी पेटी होती. तिच्यावर वही.

एका पानावर दोन गोल काढले होते. एकाखाली लिहिलं होतं, 'आमच्या ड्रमातलं'. त्यात शेपट्या, केसाळ पाय, वळवळ. दुसऱ्याखाली, 'सरांच्या माठातलं'. तो गोल रिकामा होता.

व्यंकटांना मघाचा गार घोट आठवला.

त्यांनी ऑफिसात यंत्र टेबलावर ठेवलं. "पेटी फाटकातून गेली नाही, म्हणजे आतच होती. पोरं बाईंसमोर, केवळाबाई रांगेत. आत एकटे तुम्ही, सर. विकायचं असतं तर चोरानं भिंगंही नेली असती. त्याला फक्त बघणं बंद करायचं होतं. आणि वही कुणी पाहिलीच नव्हती, तर तिच्यात आळ्या आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

साहेबराव सर खुर्चीत बसले.

"उद्या ती शिक्षणाधिकाऱ्यांना हेच दाखवणार होती," ते म्हणाले. "शाळेला टँकरच्या दोनच घागरी मिळतात. त्या आमच्या माठात. पोरांच्या ड्रमात आडाचं पाणी. मला वाटलं, या पोरांना सवय असते..." वाक्य त्यांच्याच कानावर पडलं तसा त्यांनी चेहरा झाकून घेतला. "यंत्रातून बघायला मीच शिकवलं तिला."

"माठ बी, ड्रम बी भरत तर मीच होते," केवळाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

जबाब लिहून व्यंकट वस्तीत गेले. गल्लीतल्या लोकांना त्यांनी हाका मारून बाहेर बोलावलं. टोपी काढली.

"पोरगी निर्दोष आहे. मी न विचारता पेटी उपडी केली. चुकलं माझं."

गोधडीची धूळ अजून गेली नव्हती. धुरपताबाईनं ती पुन्हा झटकली.

शिव्या मिळाल्या असत्या तर बरं, असं व्यंकटांना वाटलं.

"यंत्र आता कुणाकडं ऱ्हाईल?" पंचशीलानं विचारलं.

"उद्यापर्यंत तुझ्याकडं."

"मग ड्रमातलं पाणी उकळून बघते. त्या आळ्या मरतेत का ते कळंल. जळण लागंल."

"आणतो," व्यंकट म्हणाले. तिच्याकडे मान वर करून बघणं मात्र त्यांना जमलं नाही.