थोरले, जावई आणि खडकांची फट

मोहिमेचा हेतू एकच होता: घरातलं भांडण समुद्रात नेऊन संपवायचं. एकतर भांडण संपेल नाहीतर भांडणारे, असं मामी म्हणाली होती, आणि मामी सहसा विनोद करत नसे.

भांडण मोटरीचं होतं. मासेमारीच्या बोटीला मागे लावायची मोटर, टू-स्ट्रोक ठेवायची की फोर-स्ट्रोक? टू-स्ट्रोक मामाची, जुनी. घरात तिला 'थोरले' म्हणत, कारण थोरले सकाळी उठायला वेळ लावायचे, उठले की खोकायचे, धूर सोडायचे आणि मग दिवसभर दुसऱ्या कुणाला बोलू द्यायचे नाहीत. त्यांच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळून द्यावं लागे, आणि ते मिसळायचा हक्क फक्त मामाचा. फोर-स्ट्रोक ताईने दुकानातून चालवून बघायला आणली होती. अबोल, खाणंपिणं बेताचं, अंगाने भारदस्त, आणि दारात आल्यापासून सगळं घर तिच्या मागेपुढे. तिला 'जावई' हे नाव पडायला एक दुपार पुरली.

"जावई पसंत असतील तर ठेवू, नसतील तर उद्या परत करायचेत," ताई म्हणाली. बोट तीच चालवायची.

"खऱ्या जावयांच्या बाबतीतही ही सोय हवी होती," मामा म्हणाला.

तिसरा होता धाकटा. ताईचा भाऊ, मामाचा भाचा आणि बोटीवरचा अधिकृत घाबरट. मोटरीबद्दल त्याला मत नव्हतं. बोट जशी गेली तशी परत यावी, एवढंच त्याचं मत होतं, आणि ते आजवर कुणी विचारलं नव्हतं.

ठरलं असं: काळ्या खडकांच्या फटीतून बाहेर पडायचं, पलीकडच्या उथळ पाण्यात जाळं टाकायचं आणि परतायचं. जाताना जावई, येताना थोरले. मग निकाल. दोन वेगळ्या फेऱ्या करून एकदाही आपली मोटर किनाऱ्यावर ठेवायला दोघांपैकी कुणीही तयार नसल्यामुळे दोन्ही मोटरी बोटीच्या मागच्या फळीवर शेजारी शेजारी चढल्या. दुकानातल्या मिस्त्रीने आधीच सांगितलं होतं, "जुनीसोबत नवी लावू नका, बोट मागून बसेल." मामा आणि ताई दोघांनीही माना डोलावल्या होत्या. सल्ला समोरच्यासाठी आहे अशी दोघांचीही खात्री होती.

"वजनाचं मी बघितलंय," मामा म्हणाला.

त्याने काय बघितलं होतं, ते नंतर कळलं.

जावई एका झटक्यात सुरू झाले. सुरू झालेत की नाही, हे बघायला धाकट्याने वाकून पाण्याकडे पाहिलं. फेस येत होता. म्हणजे सुरू होते! बोट बंदरातून अशी निघाली, जणू कुणाच्या घरातून न सांगता निघाली आहे. फळ्या करकरत होत्या, मामाच्या पोटात गुरगुरत होतं, आणि धाकट्याला हे सगळं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकू येत होतं.

मग दुसरा आवाज आला. खोल, जाड, थांबून थांबून येणारा. कुणीतरी प्रचंड मोठा प्राणी घास चावत बसल्यासारखा.

"हे काय?" मामाने विचारलं.

"खडक," ताई म्हणाली. "लाटा आपटतायत."

मामाने मान वळवून कान दिला. "नवीन आहेत का?"

"मामा, खडक नवीन कसे असतील?"

"मग आजवर कधी ऐकू नाही आले ते?"

सगळ्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. थोरले फळीवर मान खाली घालून बसले होते. एका जाडजूड, लांबलचक दोराने मामाने त्यांना बांधलं होतं. उरलेला दोर खाली वेटोळं करून पडला होता. इतका दोर कशाला, हा प्रश्न धाकट्याच्या मनात आला. पण तेवढ्यात फट आली आणि त्याने डोळे मिटले.

पलीकडे नशीब उघडलं! जाळं ओढता ओढता तिघांचे खांदे भरून आले. चांदीसारखी मासळी बोटीत नुसती उसळत होती. मामा हसत होता, ताई हसत होती, आणि धाकटा बोटीची मागची फळी बघत होता. फळी आणि पाणी यांच्यात जेमतेम वीतभर अंतर उरलं होतं. सांगावं का? त्याने सांगितलं.

"तुला काय, अंघोळीच्या बादलीचीही भीती वाटते," ताई म्हणाली. हे खरं होतं, म्हणून तो पुन्हा जाळं ओढायला लागला.

तेवढ्यात धुकं आलं. आधी लांबची रेघ पुसली गेली, मग खडक, मग जाळ्यावरचे तरंगते गोळे, आणि शेवटी बोटीचं पुढचं टोकसुद्धा कुणीतरी काढून नेल्यासारखं नाहीसं झालं. पाणी मात्र जागं झालं. मागून लांब, जड लाटा यायला लागल्या, एकीच्या पाठीवर एक.

"जाळं आत घ्या, निघू या," ताई म्हणाली.

"थोरल्यांची पाळी," मामा म्हणाला. शब्द म्हणजे शब्द. त्याने मोटर सुरू करायची दोरी ओढली. एकदा, पुन्हा, पुन्हा. थोरले खोकले, रागावले आणि एकदाचे गरजले! धूर धुक्यात मिसळला. आता दिसत नव्हतंच, ऐकूही येईना. धाकट्याला वाटलं, आपल्याला कुणीतरी पोत्यात घालून पोतं बडवतंय.

आणि धुक्यातून खडक निघाला.

काळा. ओला. हाताच्या अंतरावर! ताईने मोटरीचा दांडा ढकलला. बोट वळली. मागून लाट आली. वीतभर उरलेली फळी तिने मोजलीच नाही, सरळ आत आली. घोट्यापर्यंत पाणी! थोरल्यांनी एक गुळणी केली आणि ते बंद पडले.

शांतता झाली. नाही, शांतता कुठली! डावीकडे आपटत होतं, उजवीकडे आपटत होतं, मागून लाट येत होती आणि प्रवाह बोटीला त्या आवाजांकडे ओढत होता.

"जावई सुरू कर!" मामा ओरडला.

"करून नेऊ कुठे? दिसतंय का काही? आधी बोट धरून ठेवली पाहिजे. नांगर टाक!"

मामा हलला नाही.

"मामा, नांगर!"

"घरी आहे."

"काय?"

"वजन होत होतं ना," मामा अगदी हळू आवाजात म्हणाला. "म्हणून तो काढून ठेवला. आणि दोर रिकामा होता, तर थोरल्यांना बांधला. पडले बिडले तर..."

एरवी ताई यावर आठवडाभर बोलली असती. तेवढ्यात दुसरी लाट आत आली. मासळी पोहायला लागली. धाकटा डबड्याने पाणी उपसत होता. डबडंभर बाहेर जाई, बादलीभर आत येई. त्याचे दात वाजत होते. एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली, कारण घाबरलेला माणूस सगळ्याच गोष्टी लक्षात घेतो: नांगराचा दोर होता. फक्त त्याच्या टोकाला नांगराऐवजी थोरले होते.

"मामा," तो म्हणाला, "थोरल्यांनाच टाक."

मामाने त्याच्याकडे असं पाहिलं, की धाकट्याला क्षणभर खडक बरे वाटले.

"थांब!" ताई ओरडली. "मामा, दोर सोडून जावयांना बांध. ते जड आहेत, धरून ठेवतील. दुकानदाराचं मी बघेन. तुझे थोरले राहू देत."

मामाने थोरल्यांच्या डोक्यावर हात ठेवला. लाट आली. त्याचा हात तिथेच.

"नको," तो म्हणाला. "हे बोलायला लागले, की मला दुसरं काही ऐकू येत नाही. इतकी वर्षं आलो-गेलो मी इथून. मला वाटायचं, आपल्याला वाट पाठ आहे. खडक इतके जवळ होते गं! मला ऐकूच आले नाहीत."

त्याने थोरल्यांना फळीशी धरून ठेवणाऱ्या पकडीचे दोन्ही स्क्रू सैल केले. तोवर धाकटा दोराचं दुसरं टोक घेऊन मासळीवरून घसरत, पडत, पुढच्या टोकाला पोचला आणि त्याने ते तिथल्या खुंटाला आवळलं. एका गाठीवर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून त्याने सहा मारल्या.

"सांभाळून जा," मामा थोरल्यांना म्हणाला आणि त्यांना लोटून दिलं.

दोर सरसरत गेला. गेला, गेला... आणि ताठ झाला! बोटीला हिसका बसला. ती गर्रकन फिरली आणि तिचं तोंड लाटांकडे झालं. पुढची लाट आली, पण आता ती बोटीखालून निघून गेली. खाली, खडकांच्या कुठल्यातरी खाचेत, थोरल्यांनी पाय रोवले होते.

"मासळी टाका!" ताई म्हणाली. तिघांनी मिळून टाकली. चांदी जशी आली तशी गेली, आणि आभारसुद्धा न मानता गेली. बोट वर उचलली गेली.

मामा आणि ताई लगेच भांडायला लागले. तो म्हणे फट डावीकडे, ती म्हणे उजवीकडे.

"गप्प बसा दोघं!" धाकटा ओरडला.

असं तो जन्मात ओरडला नव्हता. धक्क्यानेच दोघं गप्प झाले. लाटा जात होत्या तिकडे, किनाऱ्याकडे, तोंड करून त्याने डोळे मिटले, जसे तो फट आली की नेहमी मिटायचा. डावीकडे आपटतंय. उजवीकडे आपटतंय. आणि दोन्हींच्या मधे, थोडं उजवीकडे, काहीच नाही. पाणी नुसतं जातंय. त्याने हात लांब करून बोट दाखवलं.

"तिकडे. तिकडे खडक बोलत नाहीयेत."

ताईने जावयांना सुरू केलं, अगदी हळू. दोर सैल पडला. मामाने ओढून पाहिला. थोरले वर यायला तयार नव्हते. तेव्हा त्याने तेलाचा रिकामा निळा डबा घेतला, झाकण घट्ट आवळलं, सहा गाठींपाशी दोर कापून त्याच्या टोकाला बांधला आणि पाण्यात सोडला.

"हे कशाला?" ताईने विचारलं.

"पत्ता नको का?"

ताईने बोटीचं तोंड वळवलं. धाकट्याचं बोट पुढे आणि बोट त्याच्या मागे. डावा खडक श्वास टाकत गेला. उजव्याचा फेस तोंडावर उडाला. कुणी बोललं नाही. जावई तर नाहीच बोलले! आणि मग दोन्ही आवाज मागे पडले.

किनाऱ्यावर मामी धुक्यात कान लावून उभी होती. नेहमी ती थोरल्यांचा आवाज ऐकायची आणि चहा टाकायची. आज आवाज नव्हता. ती समुद्राकडे बघत रडत होती, आणि बोट तिच्या बाजूला, धक्क्याला येऊन लागली, तरी तिला कळलं नाही.

"चहा टाकला नाहीस?" मामाने विचारलं.

मामी किंचाळली आणि हातातला कंदील तिने त्याला फेकून मारला. मग बोटीची मागची फळी बघितली.

"थोरले?"

मामाने मान हलवली. मामीने तो विषय पुन्हा काढला नाही. फक्त तेव्हापासून ताईला बंदरात शिरताना भोंगा वाजवायची सक्ती झाली.

जावई राहिले. निळा डबा फटीच्या तोंडाशी अजून डोलतो. आता सगळ्याच बोटी त्याला डावीकडे ठेवून आत शिरतात, पोरंसोरंही सांगतात, "थोरल्यांच्या उजवीकडून जा." मामा तिथून जाताना टोपी काढतो. आणि नांगर? तो बोटीतच असतो. धाकटा निघण्याआधी त्याला हात लावून बघतो. मग ताई विचारते, "काय रे, वाजतायत का दात?"

"वाजतायत," तो म्हणतो.

"मग चल, बस पुढे."