शिशाच्या नळाचं पाणी

ज्याला हे खोटं वाटेल त्याने खुशाल पुढे जावं. आशाबाई माझी सख्खी चुलत बहीण. हे सांगताना तिचे हात कसे गार पडले होते, ते मी स्वतः धरून पाहिलंय.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. जुन्या भागातली अरुंद गल्ली आणि चैत्रातली टळटळीत दुपार.

हो, दुपारच. भुतं रात्रीचीच येतात असं तुम्हाला कुणी सांगितलं?

रामकिसनला वाळूजला कंपनीत नोकरी लागली. सोयगावची शेती भावावर सोपवून तो आशाबाईला आणि चार वर्षांच्या भागूला घेऊन इकडे आला. भाड्याचं घर जुनं होतं, पण भिंती थंडगार आणि नळ थेट स्वयंपाकघरात. आशाबाई हरखून गेली.

नळाला पाणी यायचं आठवड्यातून एकदा. शेजारणी पहिलं पाणी मोरीत सोडून द्यायच्या. आशाबाईच्या जिवावर यायचं ते. सोयगावला डोक्यावर हंडे वाहून तिची मान भरून यायची, ती बाई पाणी सोडून देणार होय! पहिली धार ती घागरीत धरायची आणि तीच आधी प्यायच्या माठात ओतायची.

आठवडाभर नळात मुरलेलं पाणी.

भागू वाळत चालली. पोट धरून रडायची. बोलता बोलता शब्द विसरायची. दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं.

रक्तात शिसं निघालं.

डॉक्टर म्हणाले, घरी जाऊन आधी नळ बघा. भिंतीतून पाईप बाहेर येतो तिथे चाकूने हलकेच खरवडा. लोखंड असेल तर कठीण लागेल, चुंबक चिकटेल. शिसं मऊ असतं, खरवडलं की आतून चांदीसारखं चमकतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रामकिसन ड्युटीवर होता. भागू बाहेरच्या खोलीत झोपली होती. आशाबाई चाकू आणि चुंबक घेऊन मोरीत उकिडवी बसली.

चाकू टेकवला... आणि तो कच्च्या पपईत जावा तसा आत गेला.

पाईप चमकला.

तिने चुंबक लावून पाहिलं. ते टपकन खाली पडलं. तिने परत लावलं, परत पडलं. मग तिने चाकू खाली ठेवला. पोटच्या पोरीला आपण आपल्या हाताने काय पाजलं, ते तिला कळलं होतं.

तेवढ्यात...

डोक्यावरच्या नळातून तांब्यात धार पडल्याचा आवाज यायला लागला.

तिने वर पाहिलं. नळ बंद होता. तोटी कोरडी ठणठणीत. आज पाण्याचा वारही नव्हता.

पण आवाज येतच होता. तांब्या भरत आला की जसा बदलतो, तसा हळूहळू बदलत गेला... आणि थांबला.

मग बांगड्या किणकिणल्या. तिच्या अगदी जवळून. आवाज बाहेरच्या खोलीकडे गेला.

घट... घट... घट...

आशाबाई धावली. भागू अंथरुणात उठून बसली होती. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, झबल्याचा गळा ओला. आसपास ना पेला, ना तांब्या.

"कुणी पाजलं गं?"

"त्या मावशीनं. रोजच देती."

"मंग घेतलंस कशाला?"

भागू गोंधळली. "तूच म्हनली व्हतीस ना... कुणी पानी दिलं तर नाय म्हनू नये."

आमच्याकडे हे असंच शिकवतात. परक्या दारात गेलं की आधी पाणी पुढे येतं. तहान नसली तरी घोट घ्यायचा, नाहीतर त्या घराचा अपमान होतो. आशाबाईनेही लेकीला हेच शिकवलं होतं.

घरमालक आप्पासाहेबांनी आधी उडवाउडवी केली. रामकिसन दारातून हलेना, तेव्हा बोलले. फार पूर्वी त्या घरात मंजुळाबाई म्हणून एक बाई राहायची. तिचं एकुलतं पोर असंच वाळत गेलं. पोट दुखतंय म्हणून रडायचं, आणि हिला वाटायचं उन्हाळा बाधलाय, पोराला तहान लागलीय. उशाशी बसून दिवसभर पाजत राहायची. पोर गेलं, तरी तिचं भरणं थांबलं नाही. एक दिवस तीही नळापाशीच गेलेली सापडली.

"लई मायेची बाई," आप्पासाहेब म्हणाले. "तिला काय म्हाईत बिचारीला."

त्याच आठवड्यात रामकिसन-आशाबाईंनी ते घर सोडलं. पडेगावला नवी इमारत बघितली. पाईप प्लॅस्टिकचे, प्यायला जारचं पाणी. डॉक्टर म्हणाले, आता शिसं हळूहळू उतरेल.

उतरलं नाही. दर तपासणीत वाढतच गेलं. डॉक्टरांनी पुन्हा पाणी तपासायला सांगितलं. पाण्यात काहीच निघालं नाही.

आशाबाईने भागूला जवळ घेऊन किती वेळा बजावलं, की आता कुणीही पाणी दिलं तर नाय म्हणायचं. भागू मान डोलवायची. पण संध्याकाळपर्यंत विसरून जायची. नवीन काही तिच्या डोक्यात टिकतच नव्हतं.

मी मागच्या महिन्यात भेटून आले. भागू मला ओळखत नाही. आईला काय म्हणायचं, तेही तिला कधी कधी सुचत नाही. आशाबाई दुपारभर तिला घट्ट मांडीत धरून बसते, तोंडावर हात ठेवते. तरीही पोरीचा गळा हलायला लागतो... बोटांच्या फटीतून पाणी झिरपतं.

तशात भागू वर बघते. समोर कुणी नसतं. जे शिकवलं त्यातलं एवढंच तिच्याजवळ उरलंय, म्हणून ती गोड हसते आणि अजून पाण्यासाठी ओंजळ पुढे करते.