लाल बटणाची दुरुस्ती

कोकंदमध्ये घरोघरी नक्षी कोरणारी यंत्रं आली आणि तोजिद्दीनच्या मते शहरातली सगळी गाढवं सुतार झाली. ज्यांना रंधा कुठून धरायचा ते कळत नाही, त्यांनी संगणकावरून फुलं उतरवायची आणि यंत्र अडलं की तोजिद्दीनला फोन करायचा. तो जायचा, दुरुस्ती करायचा आणि निम्मा वेळ मालकाची अक्कल काढायचा.

त्या दुपारी निघताना मुलगी दारापर्यंत आली. तिचं बाळ बावीस दिवसांचं होतं, घराण्यातला पहिला नातू.

"बाबा, अजून चाळीस दिवस झाले नाहीत. आल्यावर हातपाय धुवूनच बाळाजवळ या."

"बाळ आहे की दही, बाहेरच्या वाऱ्यानं नासायला?" तो म्हणाला. पण जाताना त्यानं पाळण्यात डोकावून पाहिलंच. त्या पोरावर त्याचा जीव होता, फक्त तसं बोलणं त्याला कमीपणाचं वाटे.

त्याला बोलावणारा इस्मतुल्ला पाळणे करायचा. अंगणातल्या जर्दाळूच्या झाडामागे त्याची फळ्यांची खोली, त्यात यंत्र. शेजारी एक तयार पाळणा ठेवलेला आणि कोपऱ्यात त्याची म्हातारी आई, सगळ्यांची मावशी हादिचाखाला, पुलावासाठी गाजरं चिरत बसलेली.

"मध्येच बंद पडतं, उस्ताद. मी आतल्या खोलीत संगणकावर असतो, येऊन बघतो तर थांबलेलं. तीन फळ्या वाया गेल्या."

तोजिद्दीननं झाकण उघडलं. "याच्या पोटात भुसा आहे. तुझ्या डोक्यात आहे तसाच."

त्यानं भुसा काढला, सैल पट्टा ताणला, यंत्र सुरू केलं. पाती तुतीच्या लाकडात शिरली, जळक्या लाकडाचा वास पसरला. थोड्या वेळानं यंत्र थांबलं. त्यानं सगळ्या तारा तपासल्या, पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबलं. या खेपेला त्यानं मान वळवली. म्हातारी कोपऱ्यातून उठून आली होती, तिचा हात यंत्र बंद करायच्या लाल बटणावर होता.

"खाला... तुम्ही?"

"मग काय करू? हे सुरू झालं की तो हलतो." तिनं पाळण्याकडे बोट केलं. "रिकामा पाळणा हलवू नये. बाळाला भोवतं."

"इथं बाळ कुठंय?"

"इथल्या बाळाला नाही. हलवणाऱ्याच्या घरच्या."

तोजिद्दीन हसला. "अहो, जमिनीच्या फळ्या थरथरतात म्हणून हलतो. पाळणा बाहेर ठेवायची अक्कल नाही आणि चालले यंत्र विकत घ्यायला."

"ठेवला होता बाहेर," म्हातारी हळूच म्हणाली. "तिथंही हलला."

त्यावर बोलणं म्हणजे वेळ घालवणं. त्यानं पक्कड घेऊन लाल बटणाच्या तारा तोडल्या आणि थेट एकमेकींना जोडून टाकल्या. "झाली दुरुस्ती. आता दाबा हवं तेवढं." आणि यंत्राकडे वळताना पाळण्याला पायानं एक झोका दिला. "घ्या, मीच हलवतो."

म्हातारीनं सुरी खाली ठेवली.

त्यानं यंत्र पुन्हा सुरू केलं, ते घरघरत चाललं. पाळणा त्याच्या तालावर कुरकुरत राहिला. फूल पूर्ण झालं, तेव्हा तोजिद्दीननं भिंतीतली पिन ओढली. पाती थांबली. खोली शांत झाली...

पाळणा थांबला नाही. तो सावकाश हलत राहिला, कुणी झोपेला आलेल्याला थोपटतं त्या चालीनं. जळक्या लाकडाच्या वासात आता कोमट दुधाचा वास मिसळला होता.

"उस्ताद..." इस्मतुल्ला म्हणाला.

"उस्ताद, उस्ताद काय? रिकामा आहे, बघ." तोजिद्दीननं वरचा दांडा धरून पाळणा एका हातानं उचलून पाहिला. उचलला गेला नाही. दुसरा हात लावावा लागला. आत पाहिलं, गादीसुद्धा नव्हती.

पाळणा खाली ठेवून तो हात झटकत म्हणाला, "ओलं लाकूड वापरता, म्हणून जड झालाय. चोर साले."

घरी तो जवळजवळ धावतच आला. हातपाय धुतले, दोनदा. नातवाचा पाळणा खिडकीशी उन्हात होता. पट्ट्यांत बांधलेलं बाळ शांत झोपलं होतं, गालावर लाली होती, श्वास नीट चालू होता. त्याला हायसं वाटलं.

"ऊन लागतंय त्याला," तो मुलीला म्हणाला. पाळणा सावलीत न्यावा म्हणून त्यानं दोन्ही हातांनी दांडा धरून जोर लावला.

पाळणा एका झटक्यात छातीपर्यंत वर आला, अगदी हलका, रिकामा असल्यासारखा.

बाळ आत झोपलेलं दिसत होतं.