लाल टोपीच्या मागे मागे

चिखलात ऑलिक्कीचा बूट गेला तो गेलाच! सदुसष्ट वर्षांची बाई पावसात निथळत, दलदलीत एका पायावर उभी... आणि मागून आवाज आला, "बाई आहे की बगळा?"

"बाई! दिसत नाही का?"

"लाल टोपी तेवढी दिसतेय."

तो तैस्तो. एकाहत्तरचा, पण एकेकाळचा चॅम्पियन. युवास्कुला गावाजवळच्या त्या जंगलाचा नकाशासुद्धा त्यानंच काढलेला! दर मंगळवारी गावातली तरणी-म्हातारी तिथं नकाशा नि होकायंत्र घेऊन पळतात, झाडीत लपवलेल्या झेंड्या शोधतात. ऑलिक्की नवरा गेल्यावर यात पडली होती. तैस्तोनं तिचा बूट उपसून काढला, आणि त्या दिवसापासून तो तिच्या मागेच!

"पुढे हो की," ती म्हणायची. "चॅम्पियन ना तू?"

"छे! मागून बघायला बरं वाटतं."

"शोभतं का या वयात?"

"या वयात नाही तर कधी, बाई?"

ती लाजायची. खरंच लाजायची! आणि त्याची ती नजर... सरळ कधी बघायचाच नाही. तिच्या कानाच्या जरा पलीकडे बघून बोलायचा. किती हा लाजरा, म्हणून ती त्यावरच भाळली. पळून झालं की सगळे गरम ब्लूबेरी सूप पीत आपापल्या नकाशावर बोट फिरवून वाट सांगतात. तैस्तोचा नकाशा मात्र घडीतच. "तू सांग, तुझ्या तोंडून गोड लागतं," म्हणायचा.

सप्टेंबरात ज्येष्ठांची जोडीनं पळायची स्पर्धा होती. ऑलिक्कीनं परस्पर दोघांची नावं दिली. तैस्तोनं आधी गुडघ्याचं निमित्त काढलं, मग पाठीचं... शेवटी आलाच.

चार झेंड्या छान मिळाल्या. पाचवीला ऑलिक्की टेकाडावर चढली, तर तिथं काहीच नाही! तिच्या लक्षात आलं, हे शेजारचं टेकाड, अगदी जुळ्या भावासारखं. इथं भलेभले फसतात. पण तैस्तो? ज्यानं ही दोन्ही टेकाडं स्वतः कागदावर उतरवली, तो?

"अरे, अडवलं का नाहीस मला?"

"बरोबर तर आलोय... झेंडी कुठंय?"

तिनं नकाशा त्याच्यापुढे धरला. "आपण कुठं आहोत? बोट ठेव."

त्यानं बोट ठेवलं — तळ्यात.

पाऊस टोपीवर टपटपत होता. ती कितीतरी वेळ त्या बोटाकडेच बघत राहिली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं. समोरचं सगळं पुसून गेलंय, कडेचं तेवढं दिसतं. क्लबात कळलं असतं तर जंगल सुटलं असतं, ऑलिक्की. तुझी टोपी लाल होती, आणि... तू बोलत बोलत पळतेस."

"म्हणजे मी तुझी काठी?"

"आधी, हो. खोटं नाही सांगत. नंतर नाही."

"माझे डोळे कुठल्या रंगाचे आहेत रे?"

तो मग हळूच म्हणाला, "तुझा चेहरा मी कधी पाहिलाच नाही. पण चढावर लागलेला तुझा दम... तो शंभर जणांत ओळखेन."

तिनं त्याचा हात धरून त्याला जंगलाबाहेर आणलं आणि हात सोडला. उरलेल्या झेंड्या राहूनच गेल्या.

पुढच्या मंगळवारी ती आली, राखाडी टोपी घालून. तैस्तो सुरुवातीच्या फाट्यावर उभा होता. दोन कप सूप हातात, येणाऱ्या प्रत्येकाकडे मान तिरकी करून बघत.

ती त्याच्यासमोर थांबली. हातभर अंतरावर.

त्यानं मान वळवली आणि पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहिलं, अगदी डोळ्यांत. "काय हो," त्यानं विचारलं, "ऑलिक्की आलीय का?"

त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं श्वास रोखून धरला.

मग वळली, आणि झाडीत दूर जाईपर्यंत तो श्वास सोडला नाही.