तळ्यातले साडेचार व्होल्ट

रिक्षावाल्याने मला भलत्याच बांधावर उतरवलं आणि तो निघून गेला. दोन्ही बाजूंना कोळंबीची तळी, मध्ये मी आणि माझी हत्यारांची पेटी. समोरून गुडघाभर चिखल लागलेला एक जण आला.

"कोणाकडं जायचंय?"

"अल्पेश म्हात्रे."

"मग पोचलात. मीच तो." त्याने पेटी उचलली. "तुमचा मीटर लबाड हाय, मॅडम. पाण्यात हवा भरपूर दाखवतो, म्हणून मी तळ्यातले पंखे कमी चालवले… आन् कोळंब्या वर येऊन तोंडं काढायला लागल्या."

पाण्यातला प्राणवायू मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल अगदी बारीक असतो. आमचं सर्किट तो वाढवून दाखवतं. या तळ्यात एक व्होल्टच्या आसपास यायला हवं होतं, येत होते साडेचार. कंपनीने मला पहिल्यांदाच एकटीला पाठवलं होतं. जमलं नाही तर पुन्हा ऑफिसातलं टेबल.

मी सिग्नल वाढवणारी चिप, म्हणजे आयसी, बदलली. साडेचारच. रेझिस्टर तपासले, बरोबर होते. अल्पेश शेजारी उकिडवा बसून बघत होता… जरा जास्तच जवळ.

"तुम्ही सर्किट बघताय की मला?"

"सर्किटातलं मला काय कळत न्हाय," तो सरळ म्हणाला.

मी हसू दाबलं आणि त्याला तळ्याचं बादलीभर पाणी आणायला लावलं. सेन्सर बादलीत बुडवला — एक व्होल्ट. तळ्यात सोडला — साडेचार. पाणी तर तेच! म्हणजे सर्किट ठीक होतं, बिघाड तळ्यात होता.

तळ्यात पाणी घुसळणारे तीन पंखे फिरत होते. पॅनलपाशी जाऊन मी ते एकेक करून बंद केले. तिसरा थांबला आणि आकडा एकवर आला. पुन्हा चालू केला — साडेचार.

त्या तिसऱ्या पंख्याच्या मोटरमधून वीज पाण्यात उतरत होती.

मी मान वर केली. अल्पेश खांद्यावर जाळं टाकून बांध उतरत होता.

"अल्पेश, थांब! पाण्यात पाय टाकू नकोस!" मी मेन स्विच खाली ओढला.

तो जागीच थिजला. मी सगळं सांगितल्यावर हळूच म्हणाला, "रोज उतरतो मी. झिणझिण्या येतात पायाला. वाटायचं, खारं पाणी जखमेला झोंबतंय."

मोटरच्या केबलचं आवरण फाटलं होतं, अर्थिंगची तार गंजून तुटली होती. त्याने बोर्ली पंचतनहून नवी केबल आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर आणला. आम्ही दोघांनी मिळून सगळं जोडलं. पंखे फिरू लागले, प्राणवायूचा आकडा हळूहळू चढू लागला. या वेळी खरा.

"मघाशी एकदम 'तू'वर आलात," तो म्हणाला.

"घाबरले होते."

"करंटला?"

"तुला काही झालं असतं तर… त्याला."

त्याने चिखलाचे हात सदऱ्याला पुसले. मग त्याने फोन काढला. "जेवायला चल घरी. आईला कळवतो. काय सांगू, कंपनीची मॅडम येतेय?"

"प्राप्ती येतेय म्हणून सांग."

त्याने तसंच सांगितलं. पलीकडून आवाज आला, "प्राप्ती कोण रं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आवडते मला, आये. पण तिला अजून विचारलं न्हाय."

"मग विचार की," मी म्हणाले.